एका पिंपातून निघते ते सारेच

विजेवरच्या मोटारी वाढल्या की कच्च्या तेलाची गरज आपोआप संपेल, असे मांडणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. उद्दिष्ट मान्य, पण हिशेब अपुरा आहे. कच्चे तेल हे असंख्य हायड्रोकार्बनांचे मिश्रण. ते सुमारे ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उंच मनोऱ्यात सोडले की उत्कलनबिंदूनुसार घटक वेगळे होतात. लहान रेणूंचे वायू आणि पेट्रोलचा अंश वर, मधल्या पातळ्यांवर केरोसीन व डिझेल, तळाशी डांबरासारखा काळा, घट्ट अवशेष. म्हणजे १५९ लिटरच्या एका पिंपातून हे सारे एकदमच निघते. पेट्रोल तेवढे वगळता येत नाही. भंजन प्रक्रियेने जड रेणू तोडून प्रमाण बदलता येते, पण त्यासाठी जादा ऊर्जा आणि उत्प्रेरक लागतात. विमानाचे इंधन, रस्त्यांचे डांबर आणि प्लास्टिकचा कच्चा माल हवाच असेल, तर तेल उपसावे लागेल आणि सोबत निघणाऱ्या पेट्रोलच्या अंशाचे काय, हा प्रश्न उरेलच. लेखात या इतर उत्पादनांचा उल्लेखही नव्हता, हे मनापासून खटकले. त्यांच्या पर्यायांवर आपण स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक