नलीचा फॉर्म

प्रिय कुंदा,

इकडे सगळे बरे आहेत, गुडघाही कुरकुरत नाही आता. ते झालं. पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे.

नलीचा फॉर्म आला. बॅचच्या अंकासाठी माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आहे, ते तुला ठाऊकच आहे. नलीने नाव लिहिलंय, पदवीची सालं लिहिलीयत आणि 'सध्याचा हुद्दा' या रकान्यात काहीतरी लिहून खोडलंय. इतकं गिरवून, की कागद फाटायला आलाय. उजेडासमोर धरून पाहिलं तर 'प्रा.' एवढंच लागलं. खाली बारीक अक्षरात, 'माझं नाव वगळलं तरी चालेल.'

नलीचं नाव वगळायचं? परीक्षेच्या आदल्या रात्री जिन्यात बसवून आपल्याला सांख्यिकी शिकवणाऱ्या नलीचं? आपण दोघी त्या विषयात पास झालो ते कुणामुळे? आधी मुलं, मग सासऱ्यांचं आजारपण, त्यात तिचं शिकवणं सुटलं. पण शिकवणारी बाई ती अजूनही आहेच. मला तर राग त्या रकान्याचाच येतोय.

समितीचं म्हणणं, अंकात यश दिसलं पाहिजे. मी स्पष्ट सांगितलं, नुसत्या हुद्देवाल्या छापायच्या असतील तर तो बॅचचा अंक नव्हे. अमेरिकन लेखिका बेटी फ्रीडन यांनी १९५७ साली तिथल्या स्मिथ कॉलेजच्या आपल्या वर्गमैत्रिणींना, पदवीला पंधरा वर्षं झाल्यावर, अशीच प्रश्नावली पाठवली होती. पण त्यांनी आयुष्यात समाधानी आहात का, हेही विचारलं, आणि त्या उत्तरांतूनच पुढे १९६३ चं 'द फेमिनिन मिस्टिक' हे गृहिणींच्या घुसमटीवरचं पुस्तक उभं राहिलं. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही बायकांच्या कमाईचा आणि नोकरीचा हिशेब मांडल्याबद्दल. एकाच शिक्षणाचे, एकाच कामातले स्त्री-पुरुष घेतले तरी पगारातली दरी मुख्यतः पहिलं मूल झाल्यावर रुंदावते, असं त्या दाखवतात. ज्या नोकऱ्या हाक मारताच हजर राहणाऱ्याला जास्त पैसे देतात, तिथे घरी कुणीतरी थांबावंच लागतं. आपल्या बॅचमध्ये अशा किती जणी थांबल्या, सांग ना! ते अंकात यायला नको?

सुमीने मात्र पुरस्कारांसाठी जादा कागद जोडलाय. त्यात हॉस्टेलच्या कॅरम स्पर्धेचं उपविजेतेपदही आहे, तुझ्या नाकावर टिच्चून मिळवलेलं! ते मी छापणारच.

फॉर्म मी बदललाय. हुद्दा काढून टाकला. 'दिवस कशात जातो?' आणि 'काय करायचं राहिलंय?' असं विचारलंय. समिती कुरकुरतेय, कुरकुरू दे. पण नलीकडे नवा फॉर्म नुसता धाडून भागणार नाही. तिला फोन तूच करायला हवास.

का, ते तुला कळलं असेल. वादविवाद स्पर्धेत तू ठणकावून म्हणाली होतीस, ज्या मुलीला नोकरी करायची नाही तिने कॉलेजातली जागा अडवू नये. त्यावरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो. मला ते अजूनही पटलेलं नाही, नोंद करून ठेव. तेव्हा नली पहिल्या रांगेत बसून तुझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. तो खोडलेला 'प्रा.' पाहिल्यापासून मला त्या टाळ्याच आठवतायत. मी समजूत घातली तर तिला ती माया वाटेल. तू म्हणालीस की तुझं नाव हवंच, तर ती ऐकेल.

तुझ्या बढतीचं सुमीकडून कळलं. मनापासून अभिनंदन, आणि स्वतः कळवलं नाहीस म्हणून भांडण वेगळं. आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीचा निकाल काय लागला?

नलीला रात्री उशिरा फोन कर, सासरे झोपले की ती मोकळी असते. पुढच्या महिन्यात अंक छापायला जाईल. काय म्हणाली ते लगेच कळव.

तुझीच,
विजू