भरलेली गाडी हातात दिलीत, त्याबद्दल

काका,

तोंडावर आभार मानले असते तर "जा, आधी हवा बघ" म्हणून पिटाळलं असतंत. म्हणून लिहितोय, तेही सगळ्यांसमोर.

टेबलाची नोकरी सोडून चाळिशीत मालवाहतुकीत उतरायचं ठरवलं तेव्हा सल्ले भरपूर मिळाले. हेवी लायसन्सही मिळालं. पण लायसन्ससाठी गाडी शिकलो ती मोकळ्या मैदानात, रिकाम्या हौद्याने. मालाने भरलेली गाडी नवख्याच्या हाती द्यायला कुणी तयार होईना. रास्तच होतं म्हणा. तुम्ही दिलीत.

लगेच नाही दिलीत. आधी नुसत्या प्रदक्षिणा. प्रत्येक टायर ठोकून आवाज ऐकायचा, कारण जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा गेलेली बाहेरून दिसत नाही. दोन टायरांच्या फटीत दगड अडकलाय का बघायचं, तो सुटला तर मागच्याच्या काचेवर जातो. नटाखालून गंजाचा ओघळ आला असेल तर नट ढिला असू शकतो. ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढायचं. मला कंटाळा यायचा आणि तो तुम्हाला दिसायचा, पण एकही चाक गाळू दिलं नाहीत.

उताराचा धडा मात्र कायमचा बसला. घाट उतरून आलेली कुणाची तरी गाडी बाजूला उभी होती. तुम्ही मला तिच्या मागच्या चाकाजवळ नेलंत. "हात लावू नको, नुसता जवळ ने." वीतभर अंतरावरूनच धग लागली, आणि तो जळका वास. तो ड्रायव्हर पूर्ण उतार ब्रेकवर आला होता. चाकातला ब्रेकचा ड्रम असा तापला की पेडल कितीही दाबा, ब्रेक धरत नाही. त्यानंतर सांगितलंत: उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, गाडी इंजिनावर, म्हणजे वेग इंजिनानेच रोखत, उतरवायची, कारण एकदा वेग घेतला की खालचा गिअर पडेलच असं नाही. न्यूट्रल तर मनातही आणायचं नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर जवळजवळ चौपट होतं, हे गणित मी पुढे वाचलं. तुमच्या त्या चाकाजवळ ते आधीच कळलं होतं.

रिव्हर्स घेताना शंका आली की खाली उतरून बघायचं, मागचे कितीही हॉर्न मारोत. पट्टे आवळून निघालं तरी थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायचे, कारण माल बसतो आणि पट्टे सैल पडतात. नग मोजल्याशिवाय बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावतीवर, सही नाही. हे सगळं आता हात आपोआप करतात.

पण हे पत्र खरं तर एका फोनसाठी आहे. दिवसभर चालवून आपण गाडी लावली होती आणि ऑफिसातून फोन आला: रात्रीच निघा, पार्टी घाईत आहे. मी नवा, नाही म्हणायची छाती नव्हती. किल्ली उचललीसुद्धा होती. तुम्ही फोन घेतलात आणि म्हणालात, "पोरगं झोपलंय. सकाळी निघेल." मी समोर टक्क जागा, शिवाय चाळिशीचं पोरगं! फोन ठेवून तुम्ही एवढंच बोललात की पहाटेची डुलकी विचारून येत नाही, आणि तोंड फिरवून झोपलात.

वाहन हाकायला बरेच जण शिकवतात. धंद्यातल्या माणसाला नकार कसा द्यायचा हे शिकवणारे मला तुम्ही एकटेच भेटलात, आणि माझ्या मते या कामात टिकायला तेच जास्त लागतं.

मध्यंतरी तसाच फोन मला एकट्याला आला. आवाज जरा कापला, पण सकाळी निघेन म्हणून सांगितलं. पलीकडून थोडी कुरकुर झाली. माल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, पोचपावतीवर सही झाली, कुणी चकार शब्द काढला नाही. पुढचं भाडंही मलाच मिळालं.

तुमचा,
ते पोरगं