धारवाडच्या मराठी ऑडिओ वॉकमधील गंभीर चुका आणि नाकारलेला परतावा यांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : धारवाड शहराच्या ‘कला आणि संस्कृती’ या स्वयंमार्गदर्शित ऑडिओ वॉकची मराठी आवृत्ती सदोष असल्याबद्दल, तसेच ती दुरुस्त करून पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

बेळगावातील आमच्या वाचन मंडळाने आपल्या ॲपवरून धारवाडच्या ऑडिओ वॉकची, म्हणजे फोनवरचे निवेदन ऐकत स्वतःच फिरण्याच्या सहलीची, मराठी आवृत्ती विकत घेतली होती. मंडळातले बहुतेक सभासद निवृत्त शिक्षक आहेत, आणि सोबत काही महाविद्यालयीन विद्यार्थीही होते. ‘खास मराठी रसिकांसाठी तयार केलेली’ असे आपण जाहिरातीत म्हटले होते आणि त्याच शब्दांवर विसंबून आम्ही प्रत्येकाने स्वतंत्र शुल्क भरले. प्रत्यक्षात जे हाती आले ते इतके चुकीचे आणि निष्काळजीपणे केलेले होते की, आपल्या ग्राहक सेवेच्या ठरावीक उत्तरावर समाधान न मानता हे सविस्तर पत्र लिहिणे भाग पडले आहे.

सर्वांत आधी घडला प्रकार सांगतो. पहिला थांबा कर्नाटक कॉलेजचा होता. तेथे पोहोचल्यावर बटण दाबले, तर घरून निघण्यापूर्वी ऐकलेली प्रस्तावनाच पुन्हा सुरू झाली, आणि तेथून पुढे प्रत्येक निवेदन एकेक थांबा मागे पडत गेले. साधनकेरीच्या तळ्याकाठी आम्ही उभे असताना इअरफोनमधला आवाज ‘आपल्यासमोर दिसणाऱ्या या भव्य वास्तूकडे पाहा’ असे सांगत होता. समोर होते तळ्याचे पाणी आणि काठावर फिरायला आलेली माणसे. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई चष्मा पुसून बराच वेळ ती वास्तू शोधत राहिल्या, कारण चूक आपल्याच नजरेची असावी असे त्यांना वाटले. शेवटच्या, म्हणजे कर्नाटक विद्यापीठाच्या थांब्याचे निवेदन आम्हांला ऐकू आले ते बेळगावला परतणाऱ्या बसमध्ये. ॲप काढून पुन्हा टाकले, फाइली पुन्हा डाऊनलोड केल्या, फोन बदलून पाहिले; सर्वांच्या फोनवर तोच क्रम होता, तेव्हा हा दोष आमच्या फोनचा नव्हे हे उघड आहे.

क्रमाचा घोळ एक वेळ तांत्रिक म्हणून समजून घेता येईल. मजकुरातल्या चुका मात्र तशा नाहीत.

कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत ‘एका मराठा सरदाराचा वाडा’ असल्याचे आपले निवेदन सांगते. ही इमारत सदर्न मराठा रेल्वेच्या मुख्य कचेरीसाठी बांधलेली होती. १९०८ मध्ये ती कंपनी आणि मद्रास रेल्वे एकत्र होऊन कारभार मद्रासला गेला, आणि पुढे १९१७ साली सुरू झालेल्या कर्नाटक कॉलेजला ही वास्तू मिळाली. रेल्वेच्या नावातला ‘मराठा’ हा शब्द पाहून कोणीतरी, किंवा कोणत्यातरी यंत्राने, सरदार आणि वाडा जोडून दिलेला दिसतो. सोबतच्या विद्यार्थ्यांनी तो मजकूर खरा मानून वहीत टिपूनही घेतला होता. कोणी जाणते सोबत नसते तर ती टिपणे तशीच पुढे प्रकल्पात गेली असती.

याहून मोठी चूक संगीताची आहे, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. गायक पंडित मल्लिकार्जुन मन्सूर हे किराणा घराण्याचे आणि विदुषी गंगूबाई हनगल या जयपूर-अत्रौली घराण्याच्या, असे आपले मराठी निवेदन सांगते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मन्सूरांनी आरंभी मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली आणि नंतर जयपूर-अत्रौलीचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांचे पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ यांच्याकडून त्या घराण्याची गायकी आत्मसात केली. अनवट, म्हणजे क्वचितच गायल्या जाणाऱ्या, रागांचा आणि जोडरागांचा त्यांचा साठा आणि लयीशी घट्ट बांधलेल्या त्यांच्या ताना हे त्याच तालमीचे फळ होते. गंगूबाईंचा जन्म १९१३ सालचा, धारवाडातलाच. त्या कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या शिष्या, म्हणजे किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या परंपरेतल्या. एकेका स्वरावर थांबून, त्याला पूर्ण न्याय देऊन पुढे सरकणारी त्यांची आलापी ज्याने एकदा तरी ऐकली आहे, त्याला या दोन घराण्यांची अदलाबदल सहन होणार नाही. आपल्या दृष्टीने हा दोन शब्दांचा फरक असेल. परंतु मिरज, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या पट्ट्यात ज्यांनी मैफली ऐकत आयुष्य काढले, त्यांच्यासाठी घराणे ही गवयाची ओळख असते. हे वाक्य आम्ही ऐकले तेव्हा मन्सूरांचे ‘मृत्युंजय’ हे स्मारक झालेले घर केव्हाच मागे पडले होते आणि आम्ही विद्यापीठाच्या चढावर उन्हात उभे होतो. त्यांच्या घरासमोर मात्र आम्हांला आधीच्या, साधनकेरीच्या थांब्याचे, म्हणजे कन्नड कवी बेंद्र्यांचे चरित्र ऐकवण्यात आले.

आमच्यातल्या एका विद्यार्थ्याने याच वॉकची इंग्रजी आवृत्ती घेतलेली होती. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून तपासल्या. इंग्रजीत थांब्यांचा क्रम बरोबर आहे, घराणी बरोबर आहेत आणि रेल्वेचा उल्लेखही आहे. याचा अर्थ योग्य माहिती आपल्याकडे होती. ती मराठीत आणताना एखाद्या मराठी माणसाने ती एकदाही ऐकून पाहिली नाही. किंमत मात्र दोन्ही आवृत्त्यांची सारखीच घेतली गेली. या तक्रारीचा गाभा हाच आहे. माणूस सोबत असलेल्या वॉकमध्ये वाटाड्या चुकला तर कोणीतरी त्याला थांबवून विचारते आणि तो दुरुस्ती करतो. जेथे वाटाड्याच नाही तेथे सगळा भरवसा ध्वनिमुद्रित शब्दांवर असतो, म्हणून ते शब्द तपासण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर अधिक येते.

मराठी रसिकांसाठी म्हणून जी आवृत्ती केली, तिच्यात जी. ए. कुलकर्णी यांचे नावही नाही, याचे आम्हां बेळगावकरांना विशेष दुःख झाले. बेळगावात वाढलेले आणि शिकलेले जी. ए. पुढे धारवाडला महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि मराठी कथेला त्यांनी जे दिले त्याचा मोठा भाग याच शहरात बसून लिहिला गेला. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांना मिळाला आणि त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार जी. एं.ना जाहीर झाला, जो त्यांनी पुढे परत केला. एकाच गावात राहणारे, दोन भाषांतले इतके मोठे दोन लेखक. मराठी श्रोत्यासाठी धारवाडचे याहून चांगले दर्शन कोणते असू शकते? बेंद्र्यांविषयीही हेच म्हणावे लागेल. घरी मराठी बोलणारा हा माणूस कन्नडचा महाकवी झाला, अनेक वर्षे सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवत होता आणि मराठीतही लिहीत होता. यातला एक शब्दही आपल्या निवेदनात नाही. ही माहिती आम्हांला दिली ती साधनकेरीला फिरायला आलेल्या एका धारवाडकर गृहस्थांनी, अस्खलित मराठीत आणि विनामूल्य.

धारवाड आम्हांला परके नाही. कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ होईपर्यंत बेळगावची महाविद्यालये त्याच्याशीच संलग्न होती. आमच्या पिढीच्या पदव्यांवर धारवाडचाच शिक्का आहे. मार्कलिस्टच्या दुरुस्तीसाठी विद्यापीठाच्या खिडकीपुढे रांग लावलेले लोक आमच्यात आहेत. ज्या शहराकडे आम्ही केवळ कामापुरते पाहिले, ते निवांतपणे आणि जाणून घेत पाहावे, एवढ्याच इच्छेने आम्ही गेलो होतो.

व्यवस्थेतल्या इतर उणिवा थोडक्यात नोंदवतो. विद्यापीठाचा परिसर उंचावर आणि विस्तीर्ण आहे. तो मार्ग ‘सर्व वयोगटांसाठी सोपा’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे. वाटेत पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह कोठे आहे, कोणती वास्तू कोणत्या वारी बंद असते, याची काहीही माहिती दिलेली नाही. थांब्यांची नावे मराठीबरोबर कन्नड लिपीतही दिली असती तर रिक्षावाल्याला फोन दाखवून विचारता आले असते. सीमाभागातल्या माणसाला ही गरज ताबडतोब लक्षात आली असती.

आपल्या ग्राहक सेवेला आम्ही हे सर्व पुराव्यांसह कळवले. त्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे सांगून इअरफोन तपासण्याची सूचना आली आणि नंतर दुसऱ्या एखाद्या शहराच्या वॉकवर वापरायचे सवलतीचे कूपन देण्यात आले. ‘डाऊनलोड झालेल्या सेवेचा परतावा मिळत नाही’ हा आपला नियम सदोष सेवेला लागू होऊ शकत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. ते कूपन आम्ही स्वीकारलेले नाही.

आमच्या मागण्या अशा : पावत्यांमध्ये नमूद असलेली सर्व सभासदांची पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी. मराठी आवृत्ती दुरुस्त होईपर्यंत तिची विक्री थांबवावी. ज्यांनी ती आधी विकत घेतली आहे त्या सर्वांना घराण्यांच्या आणि कॉलेजच्या इमारतीच्या चुकीची सूचना ॲपवरून पाठवावी, कारण चुकीची माहिती घेऊन परतलेले लोक आमच्याखेरीज इतरही असणार. नवे निवेदन संगीत आणि साहित्य जाणणाऱ्या मराठी व्यक्तीकडून, शक्य तर प्रत्यक्ष थांब्यांवर उभे राहून, तपासून घ्यावे. हे काम होणार असेल तर आमच्या मंडळातले जाणकार कोणतेही मानधन न घेता मजकूर वाचून देण्यास तयार आहेत.

ई-कॉमर्ससंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. त्या मुदतीत लेखी उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करू आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे, तक्रारदार जेथे राहतो तेथे दाद मागण्याची मुभा असल्यामुळे, बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे रीतसर तक्रार दाखल करू. पावत्यांच्या प्रती, थांब्यांवर घेतलेली स्क्रीनची छायाचित्रे आणि दोन्ही आवृत्त्यांतील निवेदनांचा लेखी उतारा या पत्रासोबत जोडला आहे.

आपला विश्वासू,
वाचन मंडळाच्या वतीने एक ग्राहक,
टिळकवाडी, बेळगाव