दहा फूट कुठून धरायचे?

प्रिय शैले,

किती महिने झाले ते मोजू नकोस, मी मोजलेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस आणि या वेळी मला ते पुरं करायचंय. माझा गुडघा आहे तसाच. अण्णांची शुगर आटोक्यात, कान गेलेत, पण हवं तेवढं नेमकं ऐकू येतं. झाली प्रकृती.

तर चिनूला बास्केटबॉलची रिंग हवीय. गॅरेजवर. हो, त्याच भिंतीवर.

मी आधी नाहीच म्हणत होते. भिंत जुनी, शटरवर चेंडू आपटला की अख्खं घर दणाणतं, अण्णांची दुपारची झोप. खरं कारण तुला माहीत आहे. पण ही बया अकरा वर्षांची, हट्टाला तुझ्यावर गेलीय (कशी ते देव जाणे, नात्यात नाहीस), शेवटी गेल्या रविवारी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं.

आपण काय केलं होतं आठवतं? खोक्याची फळी, सळई वाकवून केलेली रिंग, आणि भिंतीत लाकडी खुंट्या ठोकून त्यांत खिळे. पडली नाही हे नशीब. या माणसानं आधी भिंतीवर टिचक्या मारत कुठे पोकळ वाजतं ते पाहिलं. म्हणाला, विटांच्या सांध्यात बोल्ट टिकणार नाही, रोज चेंडूचा हादरा बसला की भुगा होऊन गळायला लागेल. आरपार बोल्ट घेऊ, आतल्या बाजूनं लोखंडी पट्टी. फक्त शटरच्या गुंडाळीला चुकवून. आणि बोर्ड भिंतीपासून 2 फूट पुढे काढू, नाहीतर पोरगी धावत येऊन शटरवर आदळेल. आपण आदळायचोच की. मला वाटायचं तो खेळाचाच भाग आहे.

रंग खरवडला तर आपली चारही भोकं निघाली. एकात खुंटी अजून आहे. आणि खाली कोब्यावर फ्री थ्रोची रेषा, आपण हिरव्या ऑइलपेंटनं मारलेली, पुसट पण आहे.

मग बोर्ड आडवा नीट बसावा म्हणून त्यानं पाण्याची नळी काढली, लेव्हलची. त्याचा पोरगा एक टोक धरून सहज मागे सरकत त्या हिरव्या रेषेवर जाऊन उभा राहिला. नळीतल्या पाण्याकडे बघत तो माणूस म्हणाला, "ताई, दहा फूट कुठून धरू? इथून, रिंगखालून, का तिकडून, पोराच्या पायापासून? कोब्याला उतार आहे."

मी विचारलं, किती?

सव्वातीन इंच.

तुला एव्हाना कळलंसुद्धा असेल. मला कळायला जिन्यापर्यंत जावं लागलं, आणि मग मी जिन्यातच बसले.

शैले, रिंग उंच होती. तू सांगत होतीस तशी. रिंगखाली बरोबर 10 फूट, पण तू जिथे उभी राहायचीस तिथून 10 फूट सव्वातीन इंच. दोन वर्षं, रोज शंभर-शंभर फ्री थ्रो, त्या सव्वातीन इंचांसकट तुझ्या हातात बसले होते. मी कधी रेषेवर उभी राहिलेच नाही. मी आत घुसून बोर्डावर मारणारी, माझ्यासाठी ती 10 फुटांचीच होती.

रात्री बसून हिशेब मांडला. (हस. गणितात मला काठावर कोणी पास केलं ते मी विसरलेले नाही.) चेंडू पंचेचाळीस अंशांत खाली येतोय असं धर. सपाट मैदानावर रिंग सव्वातीन इंच खाली आली की तोच थ्रो सव्वातीन इंच लांब पडणार. रिंगचा व्यास 18 इंच, चेंडू साधारण साडेनऊ. सरळ वरून पडला तर जागा भरपूर, पण तिरपा येणाऱ्या चेंडूला मागेपुढे जेमतेम सव्वादोन इंचांची सूट मिळते. म्हणजे मागची कड. 1987 ची फायनल, एका गुणानं मागे, तुझे दोन थ्रो. दोन्ही मागच्या कडेला ठण्ण. एकही आखूड नाही, एकही डावीउजवीकडे नाही. भेदरलेल्या माणसाचा चेंडू दोनदा नेमका त्याच जागी लागतो का गं? हे मला तेव्हा सुचलं नाही.

मला काय सुचलं, तर तुला दंडाला धरून इथे आणायचं, सगळ्यांसमोर अण्णांकडून रिंगपासून खालपर्यंत टेप सोडायची आणि "बघ, 10 फूट आहे" म्हणायचं. आणि बाईंना जाऊन सांगायचं की शैलानं कच खाल्ली. तू पुढच्या वर्षी संघात नाव दिलं नाहीस तेव्हा मी म्हटलं, अभ्यासासाठी असेल.

अण्णांना काल विचारलं, मधल्या काळात कोबा पुन्हा केला होता का? नाही. उतार पहिल्यापासून, पावसाचं पाणी गॅरेजात शिरू नये म्हणून त्यांनीच उभं राहून काढून घेतलेला. मग टेप धरली तेव्हा बोलला का नाहीत? म्हणाले, "तुम्ही 'दहा आहे का' एवढंच विचारलंत." या माणसाला काय म्हणावं! मघाशी म्हटलं ना, हवं तेवढं ऐकू येतं.

आता खरी पंचाईत पुढे आहे. चिनूच्या वयाला मिनी बास्केटबॉल, त्याची रिंग 2.60 मीटरवर, म्हणजे साडेआठ फुटांवर, आणि चेंडू पाच नंबरचा. मोठ्या रिंगला चेंडू पोचवायला ही पोरं कमरेपासून भिरकावतात आणि मग हात कायमचा वाकडा होतो. सगळं समजावलं. ती म्हणाली, "तुम्ही कितीवर खेळायचात?" मी सवयीनं म्हटलं, दहावर. म्हणाली, मग मलाही दहाच. मला पुढे बोलवेना.

शेवटी असं ठरलंय की भिंतीला दोन उभे अँगल, त्यांना भोकांची रांग, बोर्ड वरखाली सरकवता येईल. आत्ता साडेआठ, उंची वाढेल तसा वर. पण भोकं तरी कुठून मोजून पाडायची? रेषेपासून 10 धरले तर रिंगखाली पावणेदहाला पाव इंच कमी भरतात, आणि माझ्यासारखी आत घुसणारी निघाली तर तिची सवय बिघडणार. रिंगखालून धरले तर रेषेवर तुझं झालं ते. कोबा सपाट केला तर पहिल्याच पावसात गाडी पाण्यात. चिनूनं शोधून सांगितलं की 10 फुटांमागे काही शास्त्र नाही. 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला, हा खेळ काढणाऱ्या नाइस्मिथनं व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या आणि तो कठडा 10 फुटांवर होता, एवढंच. कठडा नऊवर असता तर आपण नवावरून भांडलो असतो.

तुझं विचारायचं राहिलंच. बदलीचं काय झालं? मुलाचं ठरलं असं कानावर आलंय, कुणाकडून ते सांगणार नाही. तुझ्या सासूबाईंचं कळलं होतं, तेव्हाच लिहायला हवं होतं, नाही लिहिलं.

चिनूला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज संध्याकाळी रिंग नसलेल्या भिंतीवर चेंडू मारते, त्या हिरव्या रेषेवर उभी राहून. रेषेवरूनच. आत घुसायचं तिला सुचतही नाही.

तो माणूस रविवारी सकाळी ड्रिल घेऊन येणार आहे. त्याआधी फोन कर. नुसतं 'भिंतीशी' किंवा 'रेषेशी' म्हण आणि ठेवून दे, मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
माधी