बाबा, टायटल क्लिअर आहे

ती. आई-बाबांना सा. न.

हे फोनवर सांगायला गेले की बाबा, तुम्ही फोन आईकडे देता आणि आई, तू "जेवलीस का?" एवढंच विचारतेस. म्हणून लिहिते आहे. आम्ही डेट्रॉइटमध्ये घर घेतलं. घेणार आहोत असं नाही, खरेदीखत झालं. त्यामुळे दिवाळीनंतर कायमचं परत यायचं जे ठरलं होतं, ते लांबलं. लांबलं म्हणते आहे हं, मोडलं नाही.

बाबा, इतक्या कमी पैशांत घर मिळतंच कसं, हे तुम्ही विचारणार. सिटी सर्व्हेत नोकरी झाली तुमची, तेव्हा नीटच सांगते. घर घेतलं ते लँड बँकेकडून. नाव बँक, पण ती कर्ज देत नाही. ओस पडलेली घरं आणि जागा ताब्यात घेऊन पुन्हा वापरात आणणारी ती सरकारी संस्था आहे. या शहरात 1950 साली साडेअठरा लाख माणसं होती, 2020 च्या जनगणनेत साडेसहा लाखही भरली नाहीत. माणसं गेली, घरं राहिली. इथे घरपट्टी तीन वर्षं थकली की काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं सरकार, घर जप्त करून लिलावात काढते. लांब कुठेतरी बसलेला कोणी ते स्वस्तात उचलणार, ढुंकूनही बघणार नाही, पट्टी पुन्हा थकणार आणि घर पुन्हा लिलावात, असं चालायचं. ज्यांना गिऱ्हाईकच नाही अशी घरं लँड बँकेकडे येतात. ती कोर्टात जाऊन जुने बोजे, न सापडणारे वारस, अर्धवट हक्क सगळं निकालात काढते आणि मगच विकते. आपल्या वाड्यासाठी असं कोणी असतं तर... जाऊ दे. आबाकाकांबद्दल मी काही म्हणत नाहीये.

विकते तीही अटीवर. सहा महिन्यांत दुरुस्ती पुरी हवी आणि घरात माणूस राहायला हवं, नाहीतर घर परत घेतात. दिवाळी हुकते आहे ती यामुळे. ही अट मला जाचक नाही वाटत. तुम्हीच म्हणायचात ना, कुलूप लावून ठेवलेलं घर घरमालकाच्या आधी मरतं.

ही रीत नीट बसवली ती इथून तासाभराच्या वाटेवरच्या फ्लिंट गावात. तिथल्या काउंटीचे तेव्हाचे खजिनदार डॅन किल्डी यांनी. तिथलं ड्युरंट हॉटेल 1973 पासून बंद होतं. लँड बँकेने ते घेतलं आणि 2010 मध्ये त्यात भाडेकरू राहायला आले. समीर म्हणतो, बाबांना हॉटेलचं काय सांगतेस! पण तुम्हाला आवडेल, मला माहीत आहे.

आई, तू विचारणार ते जास्त अवघड आहे. कोणाचा तळतळाट तर नाही ना लागणार? खोटं कशाला बोलू, काही घरांना लागावा असंच आहे. 2008 च्या सुमारास घरांच्या किमती कोसळल्या, तरी 2010 नंतरही शहर चढ्या किमती धरून पट्टी लावत राहिलं, आणि त्यात हजारो घरं गेली. लँड बँक आली म्हणून ते धुऊन निघत नाही. आमच्या घरात एक आजी राहायच्या. त्या वारल्या, मुलं परराज्यात, पट्टी कोणी भरलीच नाही, असं शेजारच्या बाई सांगतात. आजींनी लावलेलं लायलॅकचं झाड आम्ही तोडणार नाही, तसं शेजारणीला सांगूनही टाकलंय.

पलीकडचं घर पाडलंय, तिथे नुसतं गवत आहे. तसा तुकडा लगतच्या घरमालकाला मिळतो, 100 डॉलरला. आम्ही राहायला गेलो की अर्ज करणार. तुझी मेथी आणि अळू तिथेच. फक्त पाडलेल्या घराच्या जुन्या रंगातलं शिसं मातीत उतरलेलं असतं, म्हणून लाकडी चौकटीत विकतची माती भरून लावायचं. परवा टेपने मोजत होतो आणि एकदम आठवलं, बाबा, रविवारी मोजणीला मला न्यायचात आणि म्हणायचात, "मने, टोक घट्ट धर, तुझ्यावर सगळं आहे." मला ते खरंच वाटायचं.

तुमची खोली खालीच केली आहे. बाथरूम खोलीला लागून, पायरी नाही, कमोडजवळ धरायला दांडी. हीटर नवा बसतो आहे. थंडीत येऊच नका, मे महिन्यात या. आणि जन्मभर इथे राहा असं मी म्हणत नाहीये, आधीच सांगते.

आता ऐका. एफडी मोडायची नाही, एक रुपयाही पाठवायचा नाही. दोघांचे पासपोर्ट या महिन्यात नूतनीकरणाला टाका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, आणि वाड्याच्या तारखेला एसटीने एकट्याने जायचं नाही, राजूची रिक्षा सांगा. आई, गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो पाठव. "बरं आहे" एवढं लिहून चालणार नाही.

रागावला असाल तर रागवा, पण रविवारी फोन उचला.

तुमची,
मनू