एक तारखेपासून एकच लिटर

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण दुधाचा विषय निघाला की बाबा ‘बरं बरं, बघू’ म्हणून फोन तुझ्याकडे देतात आणि तू, आई, ‘जेवलीस का’वर येतेस. म्हणून लिहून पाठवतेय. शेवटपर्यंत वाचा, मधेच फोन लावू नका.

दूधवाल्या चाचांशी माझं बोलणं झालंय. एक तारखेपासून ते आपल्याकडे रोज अर्धा लिटर म्हशीचं दूध घालतील. आणखी अर्धा लिटर टोन्ड दुधाची पिशवी खालच्या दुकानातला मुलगा सकाळी दाराच्या कडीला अडकवून जाईल. म्हणजे दोन लिटरचा रतीब आता एक लिटरचा. तुम्हाला न विचारता ठरवलंय, कारण विचारलं असतं तर दोघांनीही नाहीच म्हटलं असतं. राग येईल, बाबांना जास्त येईल. पण आधी कारण ऐका.

संक्रांतीला आले होते तेव्हा जुनं कालनिर्णय रद्दीत टाकायला काढलं. डिसेंबरच्या पानामागे बाबांच्या अक्षरात दुधाचा हिशोब होता. ६२ लिटर, दर ९६, खाडे शून्य, एकूण ५९५२. आणि त्याच्या खाली, शाईही बदललेली नाही, ‘व्यायामवाले – जानेवारीपासून नको’.

बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. नवीन गुडघा बसवला की निम्मं काम डॉक्टरांचं आणि निम्मं व्यायामाचं, हे डिस्चार्जच्या दिवशी आपण तिघांनी ऐकलंय. पाय पूर्ण सरळ व्हायला हवा आणि पुरेसा वाकायलाही हवा, नाहीतर सांधा आखडतो आणि मग मागाहून कितीही केलं तरी अवघड जातं. तुम्ही जिना कसा उतरता ते मी वरून उभी राहून पाहिलं. दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवे होऊन, प्रत्येक पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. मी बघतेय हे कळल्यावर तुम्ही मुद्दाम कठडा सोडलात. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण चिमी बरोबर होती म्हणून काही बोलले नाही.

‘पाय हलवायचे चारशे रुपये?’ असं तुम्ही म्हणालात. मी देते म्हटलं की काय होतं ते तिघांनाही माहीत आहे. नानांच्या आजारपणात जे झालं, ते तुमच्या मनातून गेलेलं नाही आणि मुलांचे पैसे घरात घ्यायचे नाहीत हे तुम्ही तेव्हाच ठरवून टाकलंय. ठीक आहे. मी माझ्या पैशाचा विषय काढतच नाही. हे पैसे तुमच्याच पेन्शनमधले आहेत, तुमच्याच घरात आहेत, फक्त रोज सकाळी पातेल्यात ओतले जातायत.

हिशोब बघा. दोन लिटर, रोजचे १९२. महिन्याचे ५७६०. आता अर्धा लिटर चाचांकडचं ४८ आणि पिशवीचे २८, मिळून ७६. महिन्याचे २२८०. उरले ३४८०. व्यायामवाले आठवड्यातून दोनदा आले तर महिन्याचे आठ वेळा धरून ३२०० होतात. वर २८० उरतात, त्यात आईची रिक्षा. दुधात वाचलेले ३४८० वर्षाचे धरले तर ४१,७६०. बाबा, रेल्वेत आयुष्यभर हिशोब तपासलेत तुम्ही, हा पण तपासा. चूक निघाली तर मी ऐकेन.

दोन लिटर आपल्याकडे कधी सुरू झालं ते आठवतंय ना? आजी, नाना, मी, दादा आणि आत्याची दोघं कॉलेजसाठी राहायला आली होती तेव्हा. तेव्हा तेही पुरायचं नाही. संध्याकाळी बाबा किटली घेऊन परत दूध नाक्यावर जायचे, मी सायकलच्या दांड्यावर बसून बरोबर. तिथे मोठ्या मापातून दूध ओततानाचा फेस मला अजून दिसतो. आता घरात दोनच माणसं आहेत. बाबांचे दोन चहा, तुझा एक, वाटीभर दही आणि रात्रीचं कपभर दूध. लिटरभर पुरून उरतं.

‘कोणी आलं तर’ हे तुझं कायमचं, आई. मान्य आहे, आपल्या घरी बिनदुधाचा चहा कुणाला दिला जाणार नाही. त्यासाठी टेट्रा पॅकमधल्या दुधाचे दोन छोटे खोके कपाटात आणून ठेवलेत, पिठाच्या डब्यामागे. ते न फोडता फ्रिजबाहेर काही महिने टिकतात. त्या दुधावर ५ टक्के जीएसटी होता, तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. पाहुणे आले की एक फोडायचा, उरलेला फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचा. रोज एक लिटर जास्त घेऊन, तिसऱ्या दिवशी ते नासलं की वड्या करून बाबांना ‘टाकवत नाही’ म्हणून खायला घालणं आता नको. त्यांची कोलेस्टेरॉलची गोळी त्यासाठी चालू नाही.

आता टोन्डबद्दल. बाबा, तुमच्या मते ते पाणी घातलेलं दूध आहे. तसं ते नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी प्रमाणात मिसळून स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणतात, आणि बाकीचा दुधाचा ऐवज, म्हणजे प्रथिनं, साखर, कॅल्शियम वगैरे, साडेआठ टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. नियमच तसा आहे. फुल क्रीममध्ये स्निग्धांश ६ टक्के असतो, डबल टोन्डमध्ये दीड. कमी होते ती मुख्यतः साय. हाडांना लागतं ते कॅल्शियम सायीत फारसं नसतं, त्यामुळे आईच्या हाडांचं काही बिघडणार नाही, हे मी डॉक्टरांनाही विचारून घेतलंय.

आणि हे दूध आपल्या मुंबईतच जन्मलंय. १९४६ साली ते इथे पहिल्यांदा तयार झालं. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ते बसवलं, ‘टोन्ड’ हे नावही त्यांनीच दिलं. पुढे १९६३ साली त्यांना कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परळच्या चाळीत पहाटे दुधाचं कार्ड घेऊन आरेच्या केंद्रावर रांगेत तुम्हीच उभे राहायचात ना? काचेच्या बाटल्या आणि वर चंदेरी पत्र्याची बुचं, तुम्हीच मला सांगितलंय, आणि धाकट्या काकांनी बाटली फोडली तेव्हा आजीने मारलं ते तुम्हाला, हेही. त्या रांगेतल्या कितीतरी घरांची पोरं टोन्ड पिऊनच मोठी झाली.

चाचांचं ओझं तुम्हा दोघांच्याही मनावर असणार. ते साहजिक आहे. २६ जुलैच्या पुरानंतर सगळं बंद असताना गुडघाभर पाण्यातून ते दूध घेऊन आले होते आणि त्या महिन्याचं बिल त्यांनी आपणहून पुढे ढकललं होतं. म्हणूनच रतीब तोडलेला नाही, कमी केलाय. मी त्यांना खरं ते सांगितलं, बाबांच्या पायासाठी करतेय म्हणून. ते म्हणाले, ‘बेटी, पहले उनका पैर.’ पेंडीचे भाव आणि तबेल्याचा खर्च यावर बराच वेळ बोलले, पण आपल्यावर नाराज नव्हते. उलट सणाला जास्त लागलं तर आदल्या दिवशी सांगा, आणून देतो म्हणाले. तेव्हा त्यांच्यासमोर अवघडून दारामागे उभी राहू नकोस. नेहमीसारखी बोल.

आता सगळ्यात अवघड.

आई, दोन लिटरमागचं खरं कारण तूप आहे, हे मला माहीत आहे. सायीचं विरजण, मग रवी, मग लोणी, मग कढवणं. तुझा हिशोब चुकीचा आहे असंही मी म्हणत नाही. दोन लिटरच्या सायीवर महिन्याला दीडेक किलो तूप निघतं, विकत आणलं तर हजार रुपये होतील. पण त्या हजारासाठी दूध साडेतीन हजारांचं जास्त येतंय. आणि तुझा उजवा खांदा? मागच्या खेपेला ताक घुसळताना मधे थांबून तू डाव्या हाताने खांदा दाबत होतीस, आणि मी आत आले तशी परत घुसळायला लागलीस.

तुझ्या तुपाची सर विकतच्या तुपाला नाही. कधीच येणार नाही. तूप कढायला लागलं की मी आणि दादा अभ्यास टाकून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचो. तूप गाळून झालं की तू पातेलं खाली ठेवायचीस, त्यात कडेला चिकटलेली तपकिरी बेरी, वर साखर भुरभुरायचीस आणि सकाळच्या पोळीचा चुरा. पातेलं गरम असायचं, दादा फुंकर मारायचा आणि अर्धी बेरी त्याच्याच वाट्याला जायची, कारण तो मोठा. मग तू पदराआड बाजूला ठेवलेला चमचाभर वाटा मला द्यायचीस. ते मी दादाला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून तूप बंद कर असं मी म्हणणार नाही. अर्ध्या लिटरच्या सायीवरही महिन्याला पाव-दीड पाव तूप निघेल, ते तुमच्या दोघांच्या वरणभाताला. आमच्यासाठी वर्षातून दोनदा कर, दिवाळीला आणि मी मे महिन्यात येईन तेव्हा. मे महिन्यात चाचांकडून जास्तीचं दूध मी घेईन, घुसळीनही मीच, तू फक्त कढवायला उभी राहा. मला ते अजून नीट जमत नाही, कधी उतरवायचं ते तुलाच कळतं. चिमीलाही बेरी खाऊ घालायची आहे. तोवर ओळखीच्या माणसांबरोबर हैदराबादला बरण्या पाठवायच्या नाहीत. दादाशीही बोललेय, तोही हेच म्हणाला.

आता नीट ऐका. बाबांचा सकाळचा चहा चाचांच्या दुधाचाच, त्याला हात लावायचा नाही. दहीही त्याच दुधाचं लाव, टोन्डचं दही पातळ लागतं आणि मग बाबा वाटी सरकवून ठेवतात. रात्रीचं हळदीचं दूध, दलिया, दुपारचा चहा टोन्डचा. दुपारच्या चहात पाणी थोडं कमी घाल, म्हणजे फिका वाटणार नाही. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड असतं, ते तीन-तीनदा उकळत बसू नकोस, एक उकळी पुरे. चाचांचं मात्र चांगलं उकळायचं आणि कोमट झालं की लगेच फ्रिजमध्ये. खिडकीत जाळीखाली ठेवायचे दिवस गेले. पिशवी रंगावरून घेऊ नका, प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे असतात, वर ‘टोन्ड’ लिहिलेलं आणि तारीख वाचून घ्या. बाबा, चष्मा लावून. आणि गावाला गेलात किंवा दूध शिल्लक असलं तर खाडा सांगायला लाजू नका. खाडा सांगणं म्हणजे कंजूषपणा नाही, आजी तर दर एकादशीला हिशोब करून सांगायची.

महिनाभर करून बघा. जड गेलं, चहा गोड लागेना, आईला घर रिकामं वाटलं, तर मी स्वतः चाचांना फोन करून आणखी अर्धा लिटर वाढवीन. व्यायाम मात्र थांबणार नाही.

व्यायामवाल्यांना मी फोन केलाय. मंगळवार आणि शनिवार, सकाळी साडेनऊ. बाबा, नवाच्या आत नाश्ता उरका, लेंगा सैल घाला आणि ‘आज नको, पाय दुखतोय’ असं दारातूनच सांगू नका, मी त्यांच्याकडून विचारून घेणार आहे. आई, त्यांना चहा दे. चाचांच्या दुधाचा.

तुमची,
मनू

ता. क. नवीन कालनिर्णयच्या फेब्रुवारीच्या पानामागे मी दोन रकाने आखून ठेवलेत, एक दुधाचा, एक व्यायामाचा. दोन्ही बाबांनीच भरायचे.