लोणेऱ्याला एक प्राध्यापक द्या

प्रति,
मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : रासायनिक अभियांत्रिकीच्या प्राध्यापक भरतीत प्रक्रिया-सुरक्षेचे संशोधक घेण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

केमिकल कारखान्यात स्फोट झाला की पत्रे कामगारमंत्र्यांना जातात, कारण औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय त्यांच्याकडे आहे. मी मुद्दाम आपल्याला लिहितो आहे. डोंबिवलीत मे 2016 मध्ये स्फोट झाला, मे 2024 मध्ये पुन्हा झाला. दोन्ही वेळा चर्चा रंगली ती परवान्यांची आणि कारखाने हलवण्याची. पण हलवून कुठे नेणार? रोहा, महाड, लोटे या कोकणातल्या केमिकल वसाहतींतच ना? जागा बदलली म्हणून रिॲक्टरमधली, म्हणजे अभिक्रियेच्या टाकीतली, उष्णता बदलत नाही. ती आधी मोजावी लागते, आणि मोजणारा माणूस, म्हणजे प्रक्रिया-सुरक्षेचा जाणकार, आपल्या खात्यातच तयार होतो.

राज्यातल्या केमिकल आणि बायोकेमिकल इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकांचे संशोधनाचे विषय एकदा मागवून वाचा. उत्प्रेरण (कॅटॅलिसिस), मेम्ब्रेन, नॅनोकण, किण्वन (जंतूंकडून माल बनवणे), जैवइंधन, संगणकावरचे प्रवाहाचे गणित. सगळे उत्तम विषय, कुणाला नावे ठेवायची नाहीत. पण एखादी अभिक्रिया हाताबाहेर कधी आणि का जाते, ज्याला प्लांटवर आम्ही 'रनअवे' म्हणतो, त्यावर आयुष्य घातलेला माणूस त्या यादीत क्वचितच सापडेल.

याचे गणित अवघड नाही. प्रयोगशाळेत 1 लिटरच्या फ्लास्कमध्ये नीट झालेली अभिक्रिया 5000 लिटरच्या रिॲक्टरमध्ये नेली की माल, आणि त्यासोबत निघणारी उष्णता, 5000 पट होते. पण आकार तसाच ठेवला तर उष्णता बाहेर नेणारी भिंत 300 पटही वाढत नाही. म्हणजे दर लिटरमागे थंडाव्याला उरते सतरावा हिस्सा भिंत. त्यात तापमान साधारण 10 अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, रिॲक्टरभोवतीच्या थंडाव्याच्या जॅकेटमधून निघणारी उष्णता मात्र सरळ रेषेतच वाढते. डोसिंग (रिॲक्टरमध्ये कच्चा माल थोडा थोडा सोडणे) चालू असताना ब्राइनचा, म्हणजे थंडाव्याच्या खारट पाण्याचा, पंप बंद पडला, तर शिफ्ट इनचार्जच्या हातात वीस मिनिटे आहेत की दोन, हे फक्त कॅलरीमीटर, म्हणजे अभिक्रियेची उष्णता मोजणारे यंत्र, सांगू शकतो. आमच्याकडच्या कित्येक लहान युनिट्सना हा आकडा माहीतच नसतो. जॉबवर्क देणारी, म्हणजे मजुरीवर माल बनवून घेणारी, कंपनी प्रोसेस म्हणून दोन पाने पाठवते. त्यात तापमान, वेळ आणि उतारा (शेवटी किती माल मिळेल तो आकडा) असतो. उष्णतेबद्दल ओळ नसते. (किण्वनवाल्यांनी हसू नये. फर्मेंटर मोठा झाला की त्यांनाही थंडाव्याचीच चिंता असते, फक्त त्यांचे जंतू मरतात, माणसे नव्हे.)

अमेरिकेत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे टी-टू लॅबोरेटरीज नावाचा असाच एक लहान कारखाना होता. 19 डिसेंबर 2007 रोजी तिथली बॅच थंड होईना, रिॲक्टर फुटला आणि चौघे गेले. मालकांपैकी एक केमिस्ट, दुसरा केमिकल इंजिनीअर, म्हणजे अडाणी कुणी नव्हते. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात निघाले की या रनअवेचा धोका त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. मग बोर्डाने कारखान्यावर बोट ठेवून हात झटकले नाहीत. केमिकल इंजिनीअरिंगच्या पदवीत हा विषय शिकवला गेला पाहिजे, अशी शिफारस केली. पुढे अभ्यासक्रमांना मान्यता देण्याच्या निकषांत रासायनिक प्रक्रियांतले धोके आले. स्फोटाचे उत्तर त्यांनी कॉलेजात शोधले. आपल्याकडे तर 1984 चे भोपाळ आहे. टाकीत पाणी शिरून सुरू झालेली ती रनअवे अभिक्रियाच होती. हा विषय जगाने आपल्याकडून शिकायला हवा होता.

नुसता एक पेपर अभ्यासक्रमात घातल्याने भागणार नाही. शिकवणारा स्वतः त्यात संशोधन करणारा हवा. माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, 1964 साली एम. एम. शर्मा नावाचा 27 वर्षांचा तरुण प्राध्यापक झाला. वायू आणि द्रव यांच्यातल्या अभिक्रिया हा त्यांचा विषय. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्येष्ठराज जोशी यांनी बबल कॉलममधले (द्रवातून वायूचे बुडबुडे सोडायच्या उभ्या टाकीतले) प्रवाह, तर गणपती यादव यांनी उत्प्रेरण हे विषय पुढे नेले. एका नेमणुकीतून घराणे उभे राहिले, गाण्यात राहते तसे. प्रक्रिया-सुरक्षेचे घराणे आपल्याकडे उभे राहिले नाही, याचे एक कारण मला असे दिसते की न झालेल्या अपघातावर शोधनिबंध छापून येत नाही, आणि निवड समिती निबंध मोजते.

म्हणून माझी मागणी एका जागेपुरती आहे. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ मुंबई-गोवा महामार्गाला लागून आहे. उत्तरेला रोहा, दक्षिणेला महाड, कशेडी घाट ओलांडला की लोटे. केमिकल इंजिनीअरिंगचे शिक्षण तिथे आहेच. तिथे प्रक्रिया-सुरक्षेसाठी एक कायम पद मंजूर करा, तासिका तत्त्वावरचे नको. बिंदुनामावलीप्रमाणे (आरक्षणाच्या क्रमवारीप्रमाणे) जागा ज्या प्रवर्गाची असेल त्या प्रवर्गातून भरा, पण जाहिरातीत विशेष विषय स्पष्ट लिहा. नुसते 'केमिकल इंजिनीअरिंग' लिहिले की पुन्हा नॅनोकणच येतील.

सोबत रिॲक्शन कॅलरीमीटर द्या, आणि तो चालवणारा तंत्रज्ञही. यंत्र येते, उद्घाटनाचा फोटो निघतो, पुढे एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे नाहीत म्हणून त्यावर कव्हर चढते, हे आपल्यालाही ठाऊक असेल. आणि शेवटची गोष्ट, जी शासनाला पटायला जड जाईल : लहान कारखानदाराने स्वतःहून आणलेल्या सॅम्पलचा अहवाल त्याच्याच हातात द्या, त्यावरून लगेच नोटीस काढू नका. नोटिशीच्या भीतीने सॅम्पल आलेच नाही, तर प्राध्यापक नेमून उपयोग नाही. अहवाल दुर्लक्षून कुणी तीच बॅच तशीच घेतली, तर मात्र त्याला खुशाल धरा.

पुढच्या पदभरतीच्या प्रस्तावात या जागेचा समावेश होणार की नाही, एवढे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
लोटे औद्योगिक वसाहतीतील एक केमिकल इंजिनीअर